पगार कुठून आला

पोर्तुगीज नांदूरघाटला कधीच आले नाहीत. गोवा, चौल, वसई, दमण ही त्यांची ठाणी समुद्राला धरून होती. सह्याद्री चढून देशावर राज्य करणं त्यांना जमलं नाही आणि फारसं हवंही नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं नांदूरघाट बालाघाटाच्या मुलखात, किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत. या भागावर बहमनींनी राज्य केलं, निजामशाहीने केलं, मोगलांनी केलं आणि शेवटी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाने. दरबारची भाषा फारसी, पुढे १८८०च्या दशकात तिच्या जागी उर्दू. अशा गावात महिन्याच्या पैशाला तनखाच म्हणत राहायला हवं होतं. पण आज तिथे कुणीही विचारतो ते हेच, की "गुरुजी, पगार झाला का?" आणि पगार हा शब्द पोर्तुगीजांचा.

तनखा मागे पडला. तो शेवटी राजेरजवाड्यांच्या वाट्याला गेला. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले आणि शब्दही त्यांच्याबरोबर पेन्शनीत निघाला. महिन्याच्या पैशाचा दुसरा शब्द मुशाहिरा, तो जुन्या कागदांत राहिला. वेतन हा संस्कृत शब्द सरकारी पाटीवर चढला, वेतन आयोग झाला, पण वेतन आयोग लागू झाल्यावर माणसाचा वाढतो तो पगारच. मराठीने या परक्या शब्दाला इतकं घरचं करून टाकलं, की त्याला बिन लावून बिनपगारी केलं, भर लावून भरपगारी रजा केली, आणि फुकटचा रुबाब करणाऱ्याला 'बिनपगारी, फुल अधिकारी' म्हणून मोकळी झाली.

हा शब्द मूळचा पैशाचा नाही. त्याचा जन्म लढाईतला आहे.

लॅटिनमध्ये पाक्स म्हणजे शांतता, तह, तंटा मिटल्यानंतरची स्थिती. त्याच्या मुळाशी 'बांधणे, पक्कं करणे' असा धातू आहे. आपला पाश त्याच कुळातला, असं तुलनात्मक भाषाशास्त्र मानतं. पाक्सवरून क्रियापद झालं पाकारे, म्हणजे शांत करणं. रोमन सेनापती एखादा मुलूख जिंकत आणि तो 'पाकाता' झाला असं लिहीत. शांत झाला, याचा अर्थ आता तिथे उठायला कुणी शिल्लक नाही.

साम्राज्य उतरणीला लागलं तसं हे क्रियापद छावणीतून निघून बाजारात आणि न्यायासनासमोर आलं. शांत करायचा तो आता बंडखोर राहिला नव्हता. तो होता दारात ठाण मांडून बसलेला घेणेकरी. त्याचं देणं त्याच्या हातावर ठेवलं की तो गप होतो, उठतो, घरी जातो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये पाकारेचा अर्थ 'देणं देऊन समाधान करणं' असा पक्का होत गेला, आणि लॅटिनच्या लेकी आपापल्या घरी नांदायला लागल्या तेव्हा हाच अर्थ त्यांनी बरोबर नेला. इटालियनमध्ये पगारे, स्पॅनिश, कातालान आणि पोर्तुगीजमध्ये पगार, फ्रेंचमध्ये पेये. नॉर्मन लोकांनी १०६६मध्ये इंग्लंड घेतलं आणि त्यांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत पे आला. तेव्हा आपल्या कचेरीतल्या पे-स्लिपवर वरच्या ओळीत जे छापलेलं असतं आणि ती हातात घेणारा तोंडाने जे म्हणतो, ते दोन्ही एकाच आजीचे नातू.

एक लेक मात्र जुन्या अर्थाला चिकटून राहिली. रुमानियनमध्ये त्याच क्रियापदावरून आलेला इम्पाका हा शब्द आजही समेट घडवणं या अर्थाने वापरतात; पैसे देण्यासाठी त्यांनी शेजारच्या स्लाव्ह भाषांतून प्लाती उचलला. रुमानियन नसती, तर या घराण्याची पहिली पिढी शांततेची होती हे फक्त ग्रंथांवरून सांगावं लागलं असतं.

पाकारेचा पगार कसा झाला, हे मराठी माणसाला परक्याकडून शिकायला नको. दोन स्वरांच्या मधला क बोलता बोलता मऊ पडतो आणि त्याचा ग होतो. प्रकटचं प्रगट झालं ते याच वाटेने. शेगावला दरवर्षी प्रगट दिन साजरा होतो, प्रकट दिन म्हटलं तर कानाला खटकेल. फ्रेंचांनी एक पायरी आणखी उतरून तो ग गिळूनच टाकला आणि पेये उरलं. आपल्या महाराष्ट्री प्राकृतानेही तेच केलं होतं. नगरचं णअर झालं आणि पुढे नुसतं नेर. संगमनेर, अमळनेर ही नावं ऐकताना आतला ग कुणाला आठवत नाही. जीर्णनगरचं जुन्नरही तसंच. पोर्तुगीज आणि प्राकृत एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण माणसाची जीभ टायबरच्या काठी जे करते तेच गोदेच्या काठीही करते.

वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला उतरला. अल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतलं. पण नांदूरघाटच्या दृष्टीने त्याहून जवळचं ठिकाण म्हणजे चौल. त्या काळी बीडचा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता आणि चौल हे त्याच निजामशाहीचं बंदर. घाटावरची जनावरं, कापड आणि घोड्यांचा पैसा ज्या राज्याच्या तिजोरीत जात होता, त्याच राज्याच्या दारात पोर्तुगीज येऊन बसले होते. १५०८मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथे मारला गेला. तरी १५२१मध्ये त्यांनी निजामशहाकडून तिथे किल्ला बांधायची परवानगी काढलीच. पुढे १५७०-७१मध्ये मुर्तजा निजामशहाने त्या किल्ल्याला वेढा घातला, महिनोन्‌महिने तोफा चालल्या आणि शेवटी तह झाला. लढाई एकीकडे, व्यवहार एकीकडे. गोव्यातला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरला येऊन बुऱ्हाण निजामशहावर उपचार करत असे. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. बीड ज्याच्या राज्यात होतं, त्या राजाची नाडी धरणारा हात पोर्तुगीज बोलणाऱ्याचा होता.

चौलच्या समोरच्या कोर्लईत ती भाषा अजून संपलेली नाही. पोर्तुगीज १७४०मध्ये तिथून गेले, पण किल्ल्याखालच्या त्या गावातले काही शे लोक आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून झालेली बोली घरात बोलतात. तिला ते नौ लिंग म्हणतात, आपली भाषा. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या पलीकडे, लॅटिनची एक नात अजून मासळीचे भाव करते.

पगार हा शब्द किनाऱ्यावर नेमका कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात पडला याची नोंद असायचं कारण नाही. पण त्याचं रूप बोलकं आहे. पोर्तुगीजमध्ये पगार हे क्रियापद आहे, 'पैसे देणं'. लिस्बनच्या हॉटेलात जेवण झाल्यावर गिऱ्हाईक 'केरु पगार' म्हणतो, म्हणजे पैसे द्यायचे आहेत. मिळालेल्या पैशासाठी त्यांच्याकडे पागा हे नाम आहे, शिपायाच्या पगाराला सोल्दु आहे, नोकरदाराच्या पगाराला ओर्देनादु. (पागा घेतला असता तर आपल्याकडे घोड्यांशी गोंधळ झाला असता, ते असो.) आपण यातलं एकही न घेता क्रियापद उचललं आणि त्याचं नाम केलं. असं पुस्तक वाचून होत नाही. बंदरावर हमाल, खलाशी, तांडेल, शिपाई आणि मुनीम जी तोडकीमोडकी पोर्तुगीज बोलत, तिच्यात क्रियापदाचं एकच रूप सगळ्या कामांना चाले. कामकऱ्याच्या कानावर महिनाभर जो एक शब्द पडावा असं त्याला वाटे, तोच त्याने धरून ठेवला.

अशा शब्दांचा हिशेब एका गोवेकरानेच मांडला. सेबास्तियाव रोदोल्फु दालगादो, जन्म १८५५, गाव बार्देशातलं आसगाव. पाद्री, कोंकणी कोशकार, पुढे लिस्बनमध्ये संस्कृतचा प्राध्यापक. आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कसे पसरले यावरचं त्याचं पुस्तक १९१३मध्ये कोइंब्राला निघालं. आजारपणात दोन्ही पाय गमावूनही तो कोशाच्या कामाला बसत राहिला. त्याचा थोरला शब्दसंग्रह १९१९ आणि १९२१मध्ये दोन खंडांत आला आणि १९२२मध्ये तो वारला. मराठी, गुजराती, कन्नड या तिन्ही भाषांत पगार सापडतो. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही तो आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पुण्या-मुंबईकडे रुळलेला होता.

रुळवला तो पोर्तुगीजांपेक्षा इंग्रजांनी जास्त. १६६१च्या विवाहतहात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६८मध्ये ती कंपनीकडे गेली, पण गल्लीत, गोदीत, वखारीत बोलायची भाषा पोर्तुगीजच राहिली. इतकी, की १६९८च्या सनदेत कंपनीच्या पाद्र्यांना हिंदुस्थानात आल्यापासून वर्षभरात पोर्तुगीज शिकण्याची अट होती. चिमाजी अप्पाने १७३९मध्ये वसई घेतली, पोर्तुगीजांची उत्तर कोंकणातली सत्ता संपली, आणि शब्द मात्र इंग्रजांच्या पदरी नोकरीला राहिले.

घाटावर अजून वेगळंच चाललं होतं. गावगाड्यात पगार नावाची वस्तूच नव्हती. सुतार, लोहार, चांभार, न्हावी वर्षभर काम करत आणि खळ्यावर रास पडली की बलुतं घेत. सालगडी पाडव्याला साल ठरवी: अमुक रुपये, अमुक पायल्या जोंधळे, धोतरजोडा, वहाणा. यातलं काहीच महिन्याला मोजलं जात नव्हतं. महिन्याचा रोख पैसा ज्याला मिळायचा असा माणूस म्हणजे शिपाई, आणि शिपायाचा पगार हे दख्खनमधलं सगळ्यात मोठं दुखणं होतं.

निजामाच्या राज्यात तर ते विकोपाला गेलं. अरब आणि रोहिले जमादार थकबाकीसाठी दिवाणांच्या दारात धरणं धरून बसत, सावकार दरबाराला कर्ज देत आणि बदल्यात परगण्यांचा वसूल लिहून घेत. इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने एक फौज उभी केली होती, हैदराबाद कंटिन्जंट. तिचं एक घोडदळाचं ठाणं मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला होतं, केजच्या अगदी शेजारी. या फौजेचा पगार निजामाने द्यायचा, तो थकायचा, मग इंग्रज आपल्या तिजोरीतून द्यायचे आणि निजामाच्या खात्यावर कर्ज चढवायचे. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात ही बाकी पुढे करून २१ मे १८५३चा करार झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६०मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळालं, सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं, पण वऱ्हाड गेलं ते गेलंच. १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने लिहून घेतलं गेलं. शिपायांचा पगार वेळेवर झाला नाही म्हणून एक अख्खा प्रांत गेल्याची ही कथा शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. रोमन सेनापतीला ती लगेच समजली असती: पैसे देऊन शांत केलं नाही, तर दुसरा येऊन त्याच्या पद्धतीने शांत करतो.

देशावरच्या खेड्यांपर्यंत पगार हा शब्द पोचवला तो मात्र मुंबईच्या गिरण्यांनी. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५४ची. गिरणगावात पगार महिना संपल्यावर लगेच होत नसे, मालक दिवस अंगावर ठेवून घेत. कामगार सोडून जाऊ नये याची ती तजवीज. तोपर्यंत वाण्याकडे उधारी आणि पठाणाचं व्याज. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराच्या आत कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि त्याहून जास्त असतील तर दहा तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे असं बांधून टाकलं. मुंबईच्या चाळीत दहा तारखेला जे महत्त्व होतं, ते या कलमातून आलेलं. निजामाच्या हद्दीत हा कायदा लागू नव्हता. तिथले रुपयेही वेगळे, हाली शिक्क्याचे.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, कंपाउंडर ही पगारी माणसं खेड्यात दिसू लागली, आणि उर्दू शिकलेल्या पिढीच्या तनख्याची जागा पगाराने घेतली. तरी तो अजून दुसऱ्याचा शब्द होता. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हातात तो आला तो १९७२च्या दुष्काळात.

त्या वर्षीची कामं ज्यांनी केली ती माणसं मराठवाड्यात अजून आहेत. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. राज्यभर एका वेळी जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सकाळी मस्टरवर हजेरी, दिवसभर टिकाव आणि घमेलं, प्यायला पिंपातलं पाणी, लेकरांना सुकडी, आणि आठवड्याचा पगार. आता हेच शब्द पुन्हा एकदा पाहा. घमेलं हे पोर्तुगीज गामेला, मूळ लॅटिन कामेला, पेला किंवा वाडगा. पिंप हे पोर्तुगीज पिपा. मस्टर इंग्रजीतून आलं खरं, पण इंग्रजीत ते फ्रेंचमधून आलं आणि त्याच्या मागे लॅटिन मोन्स्त्रारे आहे, दाखवणं. आणि पगार. बालाघाटाच्या उन्हात माती वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर, तोंडात आणि नावापुढे चार शब्द लॅटिनचे होते, आणि तिच्या गावाला समुद्र कुठल्या दिशेला आहे हेही सांगायचं कुणाला कारण पडलेलं नव्हतं. तिच्यावर देखरेख करणारा मुकादम मात्र अरबी.

या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा झाला; १९७७मध्ये तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागितलं तर द्यायचं आणि केलेल्या कामाचे पैसे ठरल्या मुदतीत चुकते करायचे. आजच्या राष्ट्रीय योजनेत ती मुदत १५ दिवसांची आहे. मुदत पाळली जाते असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, पण मुदत आहे, आणि ती उलटली तर भरपाई मागता येते.

लॅटिन पाकारेचं खरं मर्म मला यात वाटतं. पैसे दिले की हिशेब संपतो आणि दोघं मोकळे होतात. आपल्याकडेही हा विचार काही परका नव्हता. बेबाक करणं म्हणजे बाकी न ठेवणं, आणि फारकत म्हणजे मुळात देणं फिटल्याची पावती, मग ती नवराबायकोच्या वाट्याला गेली. पगार आधी काम आणि मग पैसे या क्रमाने चालतो. काम झालेलं असतं, देणं मालकाकडे असतं, शांत करायचं असतं ते कामगाराला.

बीड जिल्ह्यातल्या ज्या हजारो कुटुंबांचं पोट दुसऱ्याच एका व्यवहारावर चालतं, त्यात हा क्रम उलटा आहे. ऊसतोडीला पगार नसतो, उचल असते. पावसाळ्यात, लग्नाच्या, दवाखान्याच्या किंवा बियाण्याच्या निकडीला मुकादमाकडून रक्कम उचलायची आणि दसरा-दिवाळीनंतर नवराबायकोने मिळून एक 'कोयता' म्हणून टोळीत जायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. राहायला कोपी उभी करायची, रात्रीअपरात्री गाडी भरायची, टनावर पैसे उचलीतून वळते होत राहायचे. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, विकून येतील तेवढेच रोजच्या खर्चाला हातात रोकड. पट्टा पडला, कारखाना बंद झाला की हिशेबाला बसायचं, आणि बऱ्याचदा अंगावर बाकी निघते. ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवली जाते. इथे घेणेकरी मुकादम आहे, शांत करायचं आहे ते त्याला, आणि तेही हातापायांनी. पाक्सच्या मुळाशी पाश आहे, ही भाषाशास्त्रातली जोडणी इथे एकदम अंगावर येते.

मुकादमही पुरता मोकळा नसतो. कारखाना उचल त्याला देतो, करार त्याच्याशी किंवा वाहतूकदाराशी करतो आणि टोळी पळाली तर वसुली त्याच्याकडूनच करतो. लोणीला १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला तेव्हापासून ऊस घालणारा शेतकरी सभासद झाला, कारखान्यातला फिटर आणि कारकून कामगार झाला. फडात ऊस तोडणारा यांपैकी कुणीच झाला नाही. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांच्या वाटाघाटीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. वाढला तो टनाचा दर. ज्या मस्टरवर कारखान्यातल्या माणसांचे पगार निघतात, त्यावर तोडणाऱ्याचं नाव याही करारानंतर आलेलं नाही.